हेरस्टाट ते सीमेन्स : एका सामाईक खतावणीची गोष्ट

‘ब्लॉकचेन’ म्हटले की आपल्या मंडळींना बिटकॉइन आठवते, आणि मग कोणाचे किती बुडाले याच्या गप्पा रंगतात. तो विषय जरा बाजूला ठेवू. बँकांच्या रोजच्या कारभारात हे तंत्र काय बदल घडवते आहे, ते पाहायला आपले जर्मनीच चांगले उदाहरण आहे.

त्यासाठी थोडे मागे जायला हवे. २६ जून १९७४. परकीय चलनाच्या सट्ट्यात खोलवर रुतलेल्या कोलोनच्या हेरस्टाट बँकेला सरकारने त्या दिवशी कामकाज संपताना टाळे ठोकले. अनेक परदेशी बँकांनी तिला मार्क मोजून दिले होते. बदल्यातले डॉलर न्यूयॉर्कमध्ये मिळायचे होते. तिथे तर अजून सकाळच होती! मार्क गेले, डॉलर आलेच नाहीत. अशा धोक्याला बँकवाले आजही ‘हेरस्टाट रिस्क’ म्हणतात.

मूळ दुखणे काय? प्रत्येक बँकेची वही वेगळी. एकीकडे नावे पडले तरी दुसरीकडे जमा व्हायला वेळ लागतो, आणि मधल्या वेळात काहीही होऊ शकते. ब्लॉकचेन म्हणजे सोप्या मराठीत सगळ्यांची मिळून एकच खतावणी. तिची प्रत प्रत्येकाकडे. प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण असते, त्यामुळे जुनी नोंद कोणी गुपचूप बदलली तर लगेच उघडे पडते. पैसे आणि रोखे दोन्ही अशा वहीत असले, तर ‘या हाताने द्यावे, त्या हाताने घ्यावे’ हे एकाच क्षणी साधते.

जर्मनीत पूर्वी कर्जरोखा काढायचा तर कागदी प्रमाणपत्र तिजोरीत ठेवावे लागे. १० जून २०२१ पासून लागू झालेल्या कायद्याने ती अट गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सीमेन्स कंपनीने ६ कोटी युरोचे रोखे ब्लॉकचेनवर काढून थेट गुंतवणूकदारांना विकले. पण गंमत बघा, पैसे मात्र जुन्याच वाटेने आले, आणि व्यवहार पुरा व्हायला दोन दिवस लागले! सप्टेंबर २०२४ मध्ये ३० कोटींचे रोखे काढले, तेव्हा बुंडेसबँकेने ब्लॉकचेन आणि स्वतःची नेहमीची यंत्रणा यांच्यामध्ये पूल बांधून दिला होता. काम मिनिटांत झाले.

म्हणजे ‘आता बँका हव्यात कशाला?’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. वह्या ताडून बघण्याचे, कागद सांभाळण्याचे काम कमी होईल, त्यावर चालणारी दलालीही घटेल. पण शेवटी विश्वास लागला तो मध्यवर्ती बँकेच्याच पैशावर.

आणि वही पक्की असली म्हणून नोंद खरी ठरत नाही. म्युनिकजवळच्या वायरकार्ड कंपनीच्या हिशेबातले १९० कोटी युरो बहुधा अस्तित्वातच नाहीत, हे जून २०२० मध्ये कंपनीलाच कबूल करावे लागले. खोटा आकडा ब्लॉकचेनवर लिहिला तर तोही तितकाच पक्का राहील!

तेव्हा कोणी ‘ब्लॉकचेनवर आहे, म्हणजे सुरक्षितच’ असे सांगू लागला, तर दोन प्रश्न जरूर विचारा. आमची ठेव नक्की कोणाच्या ताब्यात राहणार? आणि त्याच्याकडे बाफिनचा किंवा युरोपीय संघातल्या दुसऱ्या नियंत्रकाचा परवाना आहे का? जर्मन बँकेतल्या ठेवीला एका खातेदारामागे एक लाख युरोपर्यंत कायद्याचे संरक्षण आहे. क्रिप्टो चलनाला ते नाही. पुण्यातल्या आईवडिलांसाठी साठवलेली पुंजी कुठे ठेवायची, ते हा फरक ध्यानात घेऊनच ठरवावे.