घड्याळातला विझलेला उजेड

श्रोतेहो, उसाच्या ट्रॉलीमागे लावलेली लाल पट्टी तुम्ही पाहिली असेल. मोटारीचा झोत पडला की ती लख्ख चमकते. आपण तिला सरसकट ‘रेडियम’ म्हणतो. वास्तविक तिच्यात रेडियमचा कणही नसतो. अंगावर पडलेला उजेड ती माघारी पाठवते, एवढेच. हे नाव आपल्या बोलीत रुळले असावे ते एके काळच्या अंधारात चमकणाऱ्या घड्याळांमुळे. त्या घड्याळांत मात्र खरोखरीचे रेडियम असे. आज त्यांच्याविषयीच थोडे बोलायचे आहे.

त्याला निमित्त असे झाले. माझा एक जुना विद्यार्थी हल्ली खेड्यात प्राथमिक शिक्षक आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो भेटायला आला, तो आजोबांचे मनगटी घड्याळ घेऊन. आजोबा दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होते. घड्याळ बंद, तबकडीवरचे आकडे तपकिरी पडलेले, काट्यांतला रंग भेगाळलेला. तो म्हणाला, “सर, रात्री हे चमकायचं म्हणे. घड्याळजी म्हणतो, जुना रंग खरवडून नवा भरतो. देऊ का करायला?”

मी म्हटले, “थांब. झाकण उघडू नकोस.”

ते बंद घड्याळ आम्ही तसेच प्रयोगशाळेत नेले आणि किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर यंत्राजवळ धरले. यंत्र ताडताड वाजू लागले. आजोबांचे घड्याळ थांबले होते, त्याचा उजेड विझला होता. पण आतले रेडियम थांबले नव्हते.

हे कसे, ते पाहू. रेडियमचा शोध मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ साली लावला. पुढे रेडियमच्या क्षाराचा अत्यल्प अंश झिंक सल्फाइडच्या भुकटीत मिसळून चमकणारा रंग तयार होऊ लागला. रेडियममधून सतत सूक्ष्म कण सुटतात. ते झिंक सल्फाइडच्या स्फटिकांवर आदळतात आणि प्रत्येक आघाताला प्रकाशाची ठिणगी उडते. हलगीवर टिपरू पडावे, तसे समजा. पण सततच्या माऱ्याने स्फटिक खराब होतात. हलगीचे कातडे फाटते, आवाज बंद पडतो; वाजवणाऱ्याचे हात मात्र चालूच राहतात. रेडियम निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. म्हणजे ऐंशी वर्षांत शंभरातले जेमतेम साडेतीन भाग कमी झाले! तेव्हा चमकत नाही म्हणजे धोका नाही, असे मुळीच समजू नये.

बंद काचेआड हे घड्याळ फारसे त्रासाचे नाही, कारण ते कण काचेतून बाहेर पडत नाहीत. बाहेर येतात ते थोडे गॅमा किरण. खरी भीती आहे ती त्या सुकलेल्या रंगाच्या धुळीची. खरवडताना ती श्वासावाटे, नाहीतर बोटांवरून पोटात जाते. रेडियमचा गुणधर्म कॅल्शियमसारखा असल्याने शरीर त्याला हाडांत जागा देते, आणि तिथे बसून ते वर्षानुवर्षे मारा करीत राहते.

याची किंमत माणसांनी मोजलेली आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावी घड्याळांच्या तबकड्या रंगवायला तरुण मुली कामाला होत्या. आकडे बारीक, म्हणून कुंचल्याला टोक यावे यासाठी तो ओठांत धरण्याची त्यांना शिकवण असे. रंग निरुपद्रवी आहे, असे त्यांना सांगितले जाई. पुढे कित्येकींचे दात पडले, जबड्याची हाडे सडली. १९२५ साली डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी या आजाराचा संबंध रेडियमशी असल्याचे दाखवून दिले. १९२७ साली ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणी कंपनीविरुद्ध कोर्टात उभ्या राहिल्या. १९२८ साली तडजोड झाली. पण गेलेले आरोग्य काही परत आले नाही.

मग जुन्या घड्याळाला पुन्हा उजेड देताच येत नाही का? येतो. मात्र आधी आत काय आहे, ते ओळखले पाहिजे. साधारण १९६० नंतर रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. अशा पुष्कळ तबकड्यांवर तळाशी ‘स्विस’ शब्दाच्या बाजूला इंग्रजी ‘टी’ अक्षर छापलेले आढळते. ट्रिटियम साडेबारा वर्षांच्या आतच निम्मे होते. साठ वर्षांत त्याचा तिसावा भाग उरतो.

माझ्या वडिलांचे घड्याळ असेच ट्रिटियमचे. ते दुरुस्त होताना मी घड्याळजींच्या शेजारी बसून पाहिले. त्यांनी तबकडीवर पातळ कागद ठेवून काटे अलगद उचलले. हातमोजे घालून जुना रंग आधी ओलसर केला आणि लाकडी काडीने काढला, म्हणजे धूळ उडायला नको. मग नवी भुकटी वार्निशात कालवली. ही स्ट्राँशियम अल्युमिनेटची. जपानातल्या नेमोतो कंपनीने १९९३ च्या सुमारास ती घड्याळांसाठी आणली. तिच्यात किरणोत्सर्ग नाही. दिवसा उजेड पिते आणि रात्री कित्येक तास परत देते.

काट्याच्या मधोमध लांबट भोक असते. काटा पालथा ठेवून त्या भोकावरून रंगाचा थेंब ओढला, की आरपार पडदा धरतो. साबणाच्या पाण्यात बांगडी बुडवली की पडदा धरतो ना, अगदी तसा. आकड्यांवरचे ठिपके त्यांनी बारीक तारेच्या टोकाने भरले. एक दिवस झाकून सुकवले. मग काटे बाराच्या आकड्यावर जुळवून बसवले आणि ते एकमेकांना वा काचेला घासत नाहीत ना, हे फिरवून पाहिले. सारी कसब या शेवटच्या पायरीत. रंगाचा थर जाड झाला, तर चांगले चालते घड्याळही अडते.

आजोबांच्या घड्याळाचे काय झाले? ते आम्ही उघडले नाही. रेडियमचे काम साध्या दुकानातल्या टेबलावर करायचे नाही. त्याला बंद पेटी, हवा गाळणारी यंत्रणा आणि मोजणारे यंत्र लागते. माझ्या विद्यार्थ्याने ते पिशवीत घालून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा खेळत्या हवेच्या जागी ठेवले आहे. सोबत चिठ्ठी लिहिली आहे : “यात रेडियम आहे. उघडू नये.”

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या गावातही एखाद्या पेटीत असे घड्याळ असेल. कुणी हौसेने ते खरवडायला बसण्याआधी जवळच्या महाविद्यालयात नेऊन यंत्राखाली धरा. दहा मिनिटांचे काम आहे. आजोबांची आठवण म्हणून ते घड्याळ जपायचे, तर त्याचा उजेड परत आलाच पाहिजे, असे थोडेच आहे?