सह्याद्रीच्या डोहातील जेलीफिश

जेलीफिश म्हटला की डोळ्यांपुढे समुद्रच उभा राहतो. जपानच्या किनाऱ्यावरील नोमुरा जातीची छत्री दोन मीटरपर्यंत रुंद होते आणि वजन दोनशे किलोपर्यंत भरते. अशा प्राण्याची ओळख आकारावरूनच पटावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण १९२१ मध्ये मत्स्यप्रयोगशाळेचे प्रमुख नोमुरा यांनी लाकडी पिंपात घालून धाडलेला नमुना प्राध्यापक किशिनौये यांना बारकाईने तपासावा लागला. तेव्हा कुठे १९२२ मध्ये त्याचे नामकरण झाले.

याच्या नेमक्या उलट टोकाचा प्राणी आपल्या सातारा जिल्ह्यात आहे. तो रुपयाच्या नाण्याएवढाही क्वचितच भरतो आणि राहतो मात्र गोड्या पाण्यात! आमच्या यशवंतपुरातील मराठी मंडळींस हे सांगितले, तेव्हा एका गृहस्थांनी विचारले, "सातारा कोठे आणि समुद्र कोठे?" प्रश्न रास्त होता. शतकापूर्वीच्या प्राणिशास्त्रज्ञांनाही तो पडलाच असणार.

१९११-१२ च्या सुमारास, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकविणारे, मूळचे मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना कोयना-वेण्णेच्या परिसरात हा जीव आढळला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्याचे वर्णन करून 'लिम्नोक्निडा इंडिका' हे नाव दिले.

ओळख पटली ती कशावरून? छत्रीच्या काठाला आतून एक पातळ पडदा असतो. समुद्रातील थोराड जेलीफिशांना तो नसतो. म्हणजे त्यांच्याशी याचे नाते दूरचे. गोड्या पाण्यातला दुसरा एक जेलीफिश १८८० मध्ये लंडनच्या एका उद्यानातील कमळांच्या हौदात सापडला होता. त्याच्या जननग्रंथी मध्यापासून काठाकडे जाणाऱ्या नलिकांवर लोंबतात. आपल्याकडील प्राण्याच्या त्या मुखनलिकेच्या भिंतीतच असतात. ही ठेवण १८९३ मध्ये वर्णिलेल्या आफ्रिकेतील टांगानिका सरोवराच्या जेलीफिशात होती. सह्याद्रीतला जीव आफ्रिकेचा आप्त ठरला, तो एवढ्याशा खुणेवरून!

भारत व आफ्रिका एके काळी एकाच भूखंडाचे भाग होते, हे आज भूशास्त्र मानते. तथापि तेवढ्यावरून या जीवाचा प्रवास सिद्ध झाला, असे म्हणणे मला घाईचे वाटते. सूक्ष्म अवस्थेतील जीव पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटूनही दूर जाऊ शकतात.

आघारकर पुढे वनस्पतिशास्त्राकडे वळले. १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे ते संस्थापक. तिच्या संशोधनसंस्थेला १९९२ पासून त्यांचे नाव आहे.

या शोधाच्या वेळी कोयना मोकळी वाहत होती. पुढे तिच्यावर मोठे धरण झाले. वेण्णेवरही कण्हेरचे झाले. हा जीव उन्हाळ्यात, प्रवाह मंदावलेल्या डोहांत दिसतो. तेव्हा ज्यांना शोध घ्यावयाचा असेल त्यांनी पाऊस येण्यापूर्वी, वैशाखातच जावे, आणि पाण्यात बुडबुड्यासारखे काही आकसताना-प्रसरताना दिसले तर भिंग आधी मुखनलिकेवर धरावे.