मळमळ, गोळ्या आणि टोपलीतलं पनीर

साहित्य मंडळाच्या अंकात खाण्यापिण्याचा लेख कशाला, असं संपादकांनी विचारलंच. पण गेल्या वर्षी माझ्या मावशीला टीबी झाला आणि सहा महिने आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. ती उधन्याला राहते, मीही शिकायला म्हणून तिच्याकडेच असते. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या ना कुणाच्या घरी हे चालू असणार, म्हणून लिहितेय.

टीबीचे पहिले दोन महिने चार औषधं एकाच गोळीत येतात आणि वजनानुसार गोळ्यांची संख्या ठरते. मावशी ४५ किलोची, म्हणून रोज सकाळी तीन. तासाभरात पोटात ढवळायला लागायचं. दुसरीकडे डॉक्टर सांगणार, प्रोटीन वाढवा. देशातल्या टीबी रुग्णांच्या आहाराच्या मार्गदर्शनात वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम सांगितलंय, म्हणजे मावशीला दिवसाला ५४ ते ६७ ग्रॅम. एका अंड्यात असतात साधारण सहा! आणि ती म्हणायची, "अंड्याचं नावसुद्धा काढू नकोस गं."

तरी खाणं टाळून चालत नाही. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका बराच कमी होता. सरकारही निक्षय पोषण योजनेत खाण्यासाठी पैसे देतं, आधी महिन्याला ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १०००. पैसे बँकेत येतात हो, पण घास घशाखाली उतरायला हवा ना.

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट साधी आहे. मळमळणाऱ्या माणसाचा खरा शत्रू वास असतो. गरम पदार्थाचा वास खोलीभर पसरतो, गार पदार्थाचा फारसा नाही. म्हणून फोडणी दार लावून आणि मावशीला गार किंवा कोमट खाणं. तळलेलं बंद, कारण तेलकट अन्न पोटात जास्त वेळ रेंगाळतं. आणि ताट भरून वाढायचं नाही. दोन-दोन तासांनी वाटीभर.

इथे सुरत कामाला आली. आपल्याकडचं टोपलीचं पनीर, ते पाण्यात तरंगणारं मऊ, किंचित खारट! चावायला नको, वास जवळजवळ नाही आणि गारच खायचं असतं. मावशीने आठवड्यानंतर पहिल्यांदा मागून खाल्लं ते हेच. (भरवशाच्या दुकानातून ताजं आणायचं आणि त्याच दिवशी संपवायचं.) लोचोसुद्धा चणाडाळीचा, वाफवलेला. फक्त गाडीवाल्याला सांगावं लागतं, "तेल, बटर, चटणी कंई नहीं." तो आपल्याकडे दयेने बघतो, बघू दे. साधे खमणही चालतात. मुगाच्या डाळीचं पातळ कढण, जिरं-मीठ घातलेलं घट्ट दही आणि सकाळी सकाळी कोरडे भाजलेले चणे. अंडं तिला चालायला लागलं ते महिनाभराने, पूर्ण उकडून, गार करून, मिरपूड लावून.

वेळेचा मुद्दा मात्र डॉक्टरांना विचारूनच. या गोळ्या रिकाम्या पोटी जास्त चांगल्या शोषल्या जातात. फार मळमळलं तर थोड्या हलक्या खाण्यासोबत घ्यायला सांगतात. मावशीला दोन मारी बिस्किटं सांगितली होती, पनीर-दही दीड तासाने. ॲसिडिटीचं औषधही मनाने घ्यायचं नाही. ॲल्युमिनियम असलेली औषधं टीबीच्या एका औषधाला नीट शोषू देत नाहीत. आमच्यासारख्या मासेखाऊ घरांसाठी आणखी एक गोष्ट. त्याच औषधावर असताना कुपा किंवा शिळा बांगडा खाल्ला, तर चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, धडधडणं असं होऊ शकतं. जुनं मुरलेलं चीजही टाळायचं. ताज्या पनीरला हरकत नाही.

मधेच उपवासकाळ आला. मावशी शुक्रवारी अर्धपोटी राहायला लागली. शेवटी फादरांनीच सांगितलं, आजारी माणसाला उपवासाचं बंधन नसतं, दही खा आणि प्रार्थना कर. माझं तिने ऐकलं नव्हतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला उशिरा कळलं. लघवी नारिंगी होते ती औषधाच्या रंगाने, तिला घाबरायचं नाही. पण उलट्या थांबत नाहीत, भूक पूर्ण गेलीय, लघवी काळ्या चहासारखी आणि डोळे पिवळे, असं दिसलं तर पनीर-लोचोचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. औषधांचा यकृतावर परिणाम झालेला असू शकतो. साध्या मळमळीसाठी मात्र स्वतःहून गोळ्या बंद करायच्या नाहीत, आधी फोन करून विचारायचं.

मावशीचा कोर्स संपला, वजन ४९ झालं. टोपलीचं पनीर अजून घरी येतं, पण आता ती त्यावर मिरचीची चटणी घालून खाते.