स्त्रियांचा उद्योग आणि भांडवलाचा प्रश्न

स्त्रियांनी उद्योगधंद्यात उतरावे, या विचाराला उघड विरोध करणारा माणूस आता आपल्याकडे सहसा सापडत नाही. सभेत असे वाक्य उच्चारले की टाळ्याही पडतात. परंतु एखादी बाई खरोखरच धंदा काढावयास निघाली, की पहिला प्रश्न उभा राहतो तो हौसेचा नव्हे, हुशारीचाही नव्हे, तो पैशाचा. हा पैसा तिला सहजासहजी का मिळत नाही, आणि ज्यांना मिळाला त्यांना तो कोणत्या वाटेने मिळाला, एवढ्याच गोष्टीचा आपण येथे विचार करू.

प्रथम भांडवल म्हणजे काय ते पाहू. जागा, यंत्र, भट्टी यांत गुंतून राहते ते स्थिर भांडवल. कच्चा माल व मजुरी यांत घालून विक्रीनंतर पुन्हा हाती येते ते खेळते भांडवल. हे खेळते भांडवल किती लागेल, ते पैसा किती दिवसांनी परत येतो यावरही अवलंबून असते.

15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. ‘लिज्जत’ची प्रचंड संस्था त्यातूनच उभी राहिली. एवढ्याशा रकमेत हे कसे साधले? यंत्र लागत नव्हते, पोळपाट-लाटणे घरचेच होते, आणि विक्रीचा पैसा लागलीच पुढच्या पिठात घालता येत होता. देणगी घ्यावयाची नाही, हा दंडकही त्यांनी पाळला. मात्र या उदाहरणावरून बायकांच्या धंद्याला पैसा लागतच नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

कारण त्याच मुंबईत, गिरणगावात, खानावळी चालविणाऱ्या बायकांची स्थिती अगदी निराळी होती. कोकणातून व घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवत आणि पगार झाला की महिन्याचे पैसे देत. धान्य मात्र आधी भरावे लागे. म्हणजे महिनाभराचे खेळते भांडवल त्या बाईनेच उभे करावयाचे! ते नसल्यामुळे ती वाण्याकडून चढ्या भावाने उधार माल घेई, नाहीतर सावकाराकडे दागिना गहाण टाकी. दिवसभर चुलीपुढे राबून मिळालेली कमाई अशी व्याजात जिरत असे. 1969 साली 14 मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि लहान धंदेवाल्यांस कर्ज द्यावे असे धोरण आले. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले. एकटीला ज्या बँकेची पायरी चढवत नव्हती, तेथे बायका गटाने गेल्या आणि एकमेकींच्या हमीवर त्यांनी कर्ज मिळविले.

गटाची हमी लागली, कारण बँक विचारते तारण. तारण म्हणजे घर, जमीन, दुकानाचा गाळा. आणि नेमके तेच बाईच्या नावावर नसते. वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली मिळाला. कायदा झाला, परंतु साडीचोळी करून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची चाल काही गेली नाही. माहेरची जमीन भावाची, सासरचे घर नवऱ्याचे, मग तिने बँकेपुढे ठेवावे काय? बँक तिची पत नाकारते असे आपण म्हणतो. पण ती पत तिच्या हातून काढून घेण्याचे काम त्याआधीच घरात पुरे झालेले असते.

नुसती बचत करावयाची तरीही वाट अडते. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे लोहारकाम करणाऱ्या एका बाईस बचतीचे खाते उघडावयाचे होते. रक्कम क्षुल्लक म्हणून बँका तिला परत पाठवीत. तेव्हा चेतना सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढण्याचे ठरविले. प्रवर्तक बायका निरक्षर, म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवितो, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. 1997 साली ‘माणदेशी महिला सहकारी बँक’ सुरू झाली. नियमाने केलेली बचत हीसुद्धा पतच होय, हे तिने दाखवून दिले.

आज लहान कर्जाचे दार पुष्कळ उघडले आहे. बचतगट आहेत. 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 50 हजारांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज विनातारण मिळते, आणि या योजनेच्या खातेदारांत स्त्रियाच अधिक आहेत. अडचण आता पुढच्या पायरीवर आहे. घरात मसाला कुटणारीला गाळा व यंत्र घ्यावयाचे झाले, की बँक हिशेबाची वही, कराची विवरणपत्रे आणि हमीदार मागते. तेथे पुन्हा जुनाच प्रश्न आडवा येतो. शिवाय बाईच्या नावे काढलेला पैसा घरचा पुरुष भलतीकडेच खर्च करतो व हप्ते तिच्या माथी बसतात, असेही घडते.

तेव्हा सरकारने व बँकांनी करावयाचे ते त्यांनी करावेच. काही गोष्टी मात्र आपल्या घरातल्या आहेत. धंदा तिचा, तर खाते तिच्या एकटीच्या नावे असावे आणि सारी देवघेव त्यातूनच व्हावी. हीच नोंद पुढे तिची साक्ष होते. घरखर्च व धंदा यांची वही वेगळी असावी. नवे घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले, तर महाराष्ट्रात 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्क्याची सवलतही आहे. आणि हक्कसोडपत्राचा कागद बहिणीपुढे सरकविण्यापूर्वी प्रत्येक भावाने क्षणभर थांबावे. त्या कागदावर ती नुसती जमीन सोडीत नाही. उद्या काढावयाच्या धंद्याचे तारणही सोडीत असते.