उपासाचं मीठ

एकादशीला आळंदीत इंद्रायणीकाठी साबुदाणा वड्याचा आणि बटाट्याच्या चिवड्याचा वास सुटलेला असतो. बीपी असलेल्या मावशींना चिवडा नको म्हणावं, तर उत्तर ठरलेलं : "अहो, सैंधव घातलंय, त्यानं नाही वाढत."

वाढतं. सैंधव उपासाला चालतं हे खरं, पण रक्तवाहिन्यांना एकादशी कळत नाही. खाणीतून काढलेलं असलं तरी तेही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच. वर त्यात आयोडीन सहसा घातलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात आमटी, भाजी, लोणचं सगळं आलं. पापडात तर मीठ असतंच, शिवाय पापडखारही सोडियमचाच. पोटॅशियम मिसळलेल्या मिठानं बीपी उतरायला मदत होते, मात्र मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील, तर ते घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दुसरा समज वारीचा. पंढरपूरपर्यंत अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालून आलं, बीपी नॉर्मल निघालं, गोळी बंद! चालण्याचा गुण येतोच. रोज अर्धा तास भरभर चाललं तर वरचा आकडा साधारण 5 ते 8 नं उतरतो. पण घरी येऊन बसलं की काही आठवड्यांत तो गुण ओसरतो. शिवाय तो नॉर्मल आकडा आला तेव्हा गोळी चालूच होती, हे सोयीस्कर विसरलं जातं.

तिसरा समज लसणीचा. तिनं थोडा फरक पडतो, पण चटणीतल्या मिठानं तो भरून निघत असावा. आकडा 180/120 च्या वर आणि छातीत दुखतंय, तर लसूण सोलत बसू नका, दवाखाना गाठा.

"डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी नाही," असं चाकणला रात्रपाळी करणारी तरणी पोरंही सांगतात. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. मोजल्याशिवाय कळत नाही. मोजतात तेही पाळी सुटल्यावर, चहा-तंबाखू घेऊन, जिना चढून, धापा टाकत. मोजण्याआधी अर्धा तास असलं काही घेऊ नका, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. दंड छातीच्या उंचीवर हवा. पट्टा शर्टावरून बांधायचा नाही; बाही वर सरकवली तर ती दंडाला आवळते, त्यापेक्षा हात बाहेर काढा.