काचेला फुटणारा घाम

भर पावसात गच्च भरलेल्या एसटीत बसले की खिडकीची काच आतून धुरकट होते. पाऊस बाहेरच असतो. आतल्या माणसांच्या श्वासातली वाफ गार काचेवर बसते, तिचे थेंब होतात आणि ओघळतात. युरोपातल्या जुन्या चर्चच्या रंगीत काचांचे एक मोठे दुखणे हेच आहे. फरक इतकाच, की तिथे त्या ओघळाबरोबर सहाशे वर्षांपूर्वी रंगवलेली एखादी भुवई, एखाद्या संताचा डोळाही हळूहळू जातो.

इंग्लंडमधील यॉर्क मिन्स्टर या कॅथीड्रलची पूर्वेकडील महाखिडकी घेऊ. कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनने ती १४०५ ते १४०८ या काळात घडवली. तीन वर्षांच्या कामाचा मोबदला ५६ पौंड. बायबलमधील सृष्टीच्या उत्पत्तीपासून जगाच्या अंतापर्यंतची कथा इथे ३११ चौकटींत मांडली आहे आणि खिडकीचा पसारा जवळजवळ टेनिसच्या मैदानाएवढा आहे.

या काचेचा कमकुवतपणा तिच्या जन्मातच आहे. मध्ययुगीन कारागीर वाळू वितळवण्यासाठी लाकडाची राख वापरत. राखेतून पोटॅश आणि चुना भरपूर येई, सिलिकाचे प्रमाण मात्र कमी राही. अशा काचेवर पाणी साचून राहिले की तिच्यातील पोटॅशियम बाहेर झिरपते. तेच पाणी मग अल्कधर्मी होऊन उरलेल्या सिलिकाचा सांगाडा कुरतडते. काचेवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. कोळशाच्या धुरातील गंधक त्यात मिसळले, की चुन्याशी संयोग होऊन जिप्समचा पांढरा, अपारदर्शक थर चढतो. रोमन काळातील सोड्याची काच याहून जुनी असूनही कितीतरी चांगली टिकलेली दिसते.

चित्र मुख्यतः काचेच्या आतल्या बाजूला असते. काचेचा रंग काचेतच मिसळलेला असला, तरी चेहरे, केस आणि वस्त्रांच्या चुण्या या धातूचे ऑक्साइड व काचपूड यांच्या काळपट लेपाने रंगवून भट्टीत भाजलेल्या असतात. भाजणी कच्ची राहिली असेल, तर आतून धरणारा ओलावा हा लेप सोडवतो. म्हणजे पाऊस बाहेरून काच खातो आणि चर्चमधली वाफ आतून चित्र पुसते.

उपाय म्हणून बाहेर दुसरी काच लावावी, ही कल्पना नवी नाही. यॉर्कच्या या खिडकीला १८६१ मध्येच बाहेरून साध्या काचेचे कवच दिले होते. पण नुसते कवच पुरत नाही. दोन काचांमधली हवा चारी बाजूंनी कोंडली, तर ओल तिथेच अडकते. काचेवर थेट लेप देण्याचाही प्रयोग झाला. फ्रान्समधील शार्त्र कॅथीड्रलच्या पश्चिमेकडील बाराव्या शतकातील काचांवर १९७०च्या दशकात व्हियाक्रिल नावाचे कृत्रिम राळेचे आवरण चढवले गेले. त्यावर बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. जे पुन्हा सहज काढता येत नाही, ते अशा वस्तूला लावणे ही जोखीमच.

आज मान्य असलेली पद्धत दिसायला साधी आहे. जुनी काच दगडी खाचेतून काढून धातूच्या चौकटीत घालायची आणि थोडी आत सरकवायची. मूळ खाचेत नवी काच बसवायची. मधे काही सेंटिमीटरची पोकळी राहते आणि ती वर-खाली चर्चच्या आतल्या बाजूला उघडी ठेवतात. आतली हवा जुन्या काचेच्या दोन्ही अंगांनी फिरते, दोन्हीकडचे तापमान जवळपास सारखे राहते आणि तिच्यावर दव धरत नाही. घाम फुटतो तो नव्या काचेला; तो खाली पन्हळीतून निघून जातो.

यॉर्कची महाखिडकी २००८ मध्ये उतरवली गेली. शेवटची चौकट परत बसली २०१८ मध्ये. बाहेरच्या कवचासाठी अतिनील किरण अडवणारी, तोंडाने फुंकून केलेली काच वापरली. हे किरण का अडवायचे? तर फुटलेले तुकडे आता राळेने सांधतात आणि ती राळ उन्हाने पिवळी पडते.

याची किंमतही आहे. सपाट यंत्रनिर्मित काच लावली, तर बाहेरून चर्च एखाद्या शोरूमसारखे चकाकते. शिवाय वारा-पाऊस अडवण्यासाठी घडवलेली काच ते काम सोडून संग्रहालयातल्या चित्रासारखी आत टांगली जाते. काही जाणकारांना हे खटकते. मला मात्र पुसट होत जाणारा चेहरा अधिक खटकतो.

हीच व्यवस्था जशीच्या तशी मुंबईत आणता येणार नाही. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील काचा न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सच्या कारखान्यातल्या, एकोणिसाव्या शतकातल्या. त्या काळची काच सहसा मध्ययुगीन काचेपेक्षा टिकाऊ असते. समुद्रकाठी अधिक काळजी करावी लागते ती काचेला आधार देणाऱ्या लोखंडी गजांची. खाऱ्या हवेत ते गंजून फुगतात आणि दगड व काच दोन्ही तडकवतात. दवाचे गणितही इथे उलटते. पावसाळ्यात अशा वास्तूत एसी लावला, तर गार झालेल्या काचेवर बाहेरची दमट हवा थेंब धरते. यॉर्कमध्ये आतून ओली होणारी काच इथे बाहेरून ओली होईल.