पिढ्यांचा मेळ आणि वरिष्ठांची जबाबदारी

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज पुण्यातील बँका, रुग्णालये, चाकणचे कारखाने आणि हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत कार्यरत आहेत. काही जण विभागप्रमुखही झाले आहेत. आपल्या घरांतून या खुर्चीवर बसणारी ही बहुधा पहिलीच पिढी. हाताखालच्या माणसांशी कसे वागावे, याचा वडिलोपार्जित धडा आपल्यापाशी नाही. जो धडा मिळाला तो वरिष्ठांना पाहून, आणि तो पुष्कळदा हुकूम व धाक यांचाच असतो. म्हणून हा विषय आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

एकाच कार्यालयात आज तीन पिढ्या वावरतात. निवृत्तीकडे झुकलेले सहकारी लेखी आदेश आणि सेवाज्येष्ठता यांच्या शिस्तीत वाढले. मधली पिढी संगणकाबरोबर घडली. नव्याने रुजू झालेला तरुण ‘हे काम कशासाठी?’ असे विचारतो आणि अभिप्रायासाठी वर्षअखेरच्या अहवालापर्यंत थांबू इच्छित नाही. या प्रश्नाला उद्धटपणा समजले की तेढ सुरू होते. पिढीनिहाय व्यवस्थापन म्हणजे तरुणांचे लाड नव्हे. कामाचा दर्जा आणि नियम सर्वांना सारखेच ठेवून सांगण्याची, शिकवण्याची आणि ऐकून घेण्याची रीत माणसागणिक बदलणे, एवढाच त्याचा अर्थ.

शिकणे दोन्ही दिशांनी होऊ शकते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च यांनी १९९९ मध्ये आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना तरुण सहकाऱ्यांकडून इंटरनेट शिकून घेण्यास सांगितले. आपल्या पुण्यातील थरमॅक्सचे उदाहरण वेगळ्या अंगाने बोलके आहे. रोहिंटन आगा यांच्या निधनानंतर १९९६ मध्ये अनु आगा यांनी कंपनीची धुरा घेतली. पुढे कंपनी अडचणीत आली, तेव्हा कुटुंबीयांनी दैनंदिन कारभारातून बाजूला होऊन तो व्यावसायिक व्यवस्थापकांकडे सोपविला. २००४ मध्ये अनु आगा यांनी अध्यक्षपद कन्या मेहेर पदमजी यांच्या हाती दिले. योग्य वेळी जागा मोकळी करणे हेही व्यवस्थापनच होय.

आपल्या परंपरेत याचा आधार सापडतो. वर्षावास संपल्यावर भिक्खुसंघात पवारणा होते. माझ्या हातून काही दोष घडलेला पाहिला, ऐकला वा शंकिला असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो; आणि तिचा आरंभ सर्वांत ज्येष्ठ थेरापासून होतो. अभिप्राय मागण्याचा पहिला मान वरिष्ठाचा, हा त्यातील बोध. सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्तीनुसार काम नेमून देणे, आजारपणात शुश्रूषा करणे आणि वेळेवर सुटी देणे ही त्यांपैकी तीन.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘अमुक साली जन्मलेली मुले अशीच असतात’ असे म्हणणे, म्हणजे जन्मावरून माणूस ठरविण्याचाच प्रकार. तो रोग किती खोल जातो, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. शाक्य राजपुत्रांनी स्वतःचा अभिमान गळावा म्हणून न्हावी उपालीला आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली आणि मग त्याला वंदन केले. पुढे विनयाचा जाणकार म्हणून उपालीलाच मान मिळाला. पिढी हा केवळ अंदाज. समोरचा माणूस प्रत्यक्ष.

म्हणून अधिकारपदी असलेल्या माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे साधे आहे. काम सोपविताना त्यामागचे कारण सांगावे. दोष एकांतात आणि लगेच सांगावा, कौतुक चारचौघांत करावे. निवृत्त होणाऱ्याचे अनुभव नोंदवून ठेवावेत, नवख्याला प्रश्न विचारू द्यावेत. आणि महिन्यातून एकदा तरी कनिष्ठांना विचारावे, ‘माझे काय चुकते?’ ज्यांच्या वाडवडिलांना प्रश्न विचारण्याचाच अधिकार नव्हता, त्यांनी आपल्या हाताखालच्यांना तो द्यावा, यातच या शाळेच्या शिकवणीचे सार्थक आहे.